नेट सारखं जातंय? आधी बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते शोधा

नेट गेलं की हात आपोआप राऊटरच्या स्विचकडे जातो. तो दोन मिनिटं आवरा. बंद करून चालू केल्यावर नेट बऱ्याचदा परत येतं, पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. कुठला दिवा लाल होता, लाइन शेवटची कधी तुटली, राऊटरच्या लॉगमध्ये काय नोंद होती, यातलं काहीच हाती राहत नाही. संध्याकाळी पुन्हा तेच होतं आणि दोन दिवसांनी आलेला टेक्निशियनही बंद-चालू करून जातो.

घरातलं नेट तीन टप्प्यांतून येतं. पहिला टप्पा गच्चीवरच्या किंवा डक्टमधल्या पेटीपासून घरातल्या ओएनटीपर्यंतचा. ज्यात हिरव्या टोकाची बारीक फायबर जाते तो डबा म्हणजे ओएनटी. दुसरा टप्पा ओएनटी ते राऊटर, लॅन वायरचा. हल्ली बऱ्याच घरांत हे दोन्ही एकाच डब्यात असतात, मग हा टप्पा उरतच नाही. तिसरा राऊटर ते मोबाइल, हवेतून. बिघाड कुठल्याही टप्प्यात असो, मोबाइलवर दिसतं एकच, व्हिडिओवर गोल फिरत राहतं. पण पहिल्या टप्प्याचं काम कंपनीचं, तिसऱ्याचं पूर्णपणे तुमचं. टप्पा न ओळखता चार हजारांचा नवा राऊटर आणला आणि दोष फायबरमध्ये निघाला, असं फार घरांत होतं.

आधी दिवे बघा

नेट गेलेलं असतानाच ओएनटीच्या दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर घरापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. वायर तुटली, टोक निसटलं किंवा कुठेतरी दुमडलं. इथे राऊटर दहा वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. एलओएस बंद आहे पण पॉनचा हिरवा दिवा लुकलुकतोय, तर प्रकाश येतोय पण कंपनीच्या यंत्राशी जोडणी टिकत नाहीये. पॉन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल असेल तर फायबर बहुतेक ठीक आहे. मग लॉगिन, रिचार्ज किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेकडे बघायचं. सगळे दिवे जागेवर आणि बेडरूममध्येच नेट नाही, तर दोष वाय-फायचा.

अर्ध्या तासाची चाचणी

दिव्यांवरून उलगडा झाला नाही, म्हणजे नेट पूर्ण न जाता मधेमधे अडखळत असेल, तर पिंग लावून ठेवा. ही कमांड एखाद्या पत्त्यावर छोटे निरोप (पॅकेट) सतत पाठवते आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवते. लॅपटॉप लॅन वायरने राऊटरला जोडा आणि त्याचं वाय-फाय बंद करा. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट लॅन अडॅप्टर मिळतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग कमांड द्या राऊटरच्या पत्त्यावर, दुसरीत ८.८.८.८ वर, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्यावर. दोन्हींच्या शेवटी डॅश आणि टी हे अक्षर जोडा, म्हणजे तुम्ही थांबवेपर्यंत ते चालू राहतं. राऊटरचा पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ज्या वेळेला नेट जातं त्याच वेळेला, समजा रात्री ९ ते १० मध्ये, हे अर्धा तास चालू ठेवा. शेवटी कंट्रोल आणि सी दाबलं की किती पॅकेट हरवली ते टक्क्यांत समोर येतं.

आता आकडे वाचू. राऊटरकडून उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत येतंय पण ८.८.८.८ ची पॅकेट हरवतायत, तर दोष राऊटरच्या पलीकडे, ओएनटीला जोडणाऱ्या वायरमध्ये किंवा कंपनीच्या बाजूला. वायर लावूनही राऊटरच उत्तर देत नसेल तर लॅन वायर, पोर्ट किंवा राऊटरचा अडॅप्टर बघा. वायरवर दोन्ही स्वच्छ, आणि वायर काढून वाय-फायवर हीच चाचणी केली की घसरगुंडी, तर टप्पा तिसरा. हजारात एखाददुसरं पॅकेट हरवणं मनावर घेऊ नका. सतत १ टक्क्याच्या वर गेलं की व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायला लागतो.

एक चौथा प्रकारही असतो आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एकही पॅकेट हरवत नाही, पण १० मिलिसेकंदांवर असलेला आकडा अधूनमधून २००-३०० वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. अशा वेळी कोणाच्या तरी मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप चाललेला असतो, किंवा दाराबाहेरचा कॅमेरा क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत असतो. लाइन भरून वाहतेय, बिघाड काही नाही. राऊटरमध्ये क्यूओएसचा, म्हणजे वेग वाटून देण्याचा, पर्याय असेल तर अपलोडची मर्यादा प्लॅनच्या ९० टक्क्यांवर बांधा. फरक लगेच जाणवतो.

फायबर: एक आकडा माहीत असलाच पाहिजे

ब्राउझरमध्ये ओएनटीचा पत्ता टाका, स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड द्या, आणि ऑप्टिकल किंवा पॉन नावाचं पान शोधा. तिथे आरएक्स पॉवर असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि पुढे डीबीएममधला (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) उणे आकडा. टेक्निशियन एकमेकांना फोनवर 'पॉवर किती येतेय?' विचारतात तो हाच. पान बंद करून ठेवलेलं असेल तर टेक्निशियनकडे पॉवर मीटर असतो, त्याच्याकडून मोजून घ्या.

नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरची प्रचलित पद्धत) ओएनटीला साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्यामधला प्रकाश लागतो. उणे १८ ते उणे २३ असेल तर निर्धास्त राहा. उणे २५ च्या पुढे गेलं की काठावर आलात. उणे २७ च्या पलीकडे नेट जात-येत राहणार, मग राऊटर कितीही महागाचा असो. हा आकडा ३ ने घसरला की प्रकाश निम्मा झालेला असतो, म्हणून उणे २२ आणि उणे २५ यांत फार फरक नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. एकच फायबर ३२ घरांत वाटणारा स्प्लिटर एकटाच १७ डेसिबलच्या आसपास खातो. उरलेल्या शिल्लकीतच सगळे जॉइंट आणि वळणं बसवायची असतात.

हा आकडा दोनदा लिहून ठेवा. एकदा कोरड्या दिवशी, एकदा मुसळधार पावसात. समजा कोरड्या सकाळी उणे २१.५ आणि पावसाच्या रात्री उणे २६.८ आला, तर गच्चीवरच्या पेटीत पाणी शिरतंय किंवा वाऱ्याने वायर हलून कुठेतरी दुमडतेय. ठाण्यात आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हा दोष सगळ्यात जास्त सापडतो. इमारतीवरून इमारतीवर टाकलेली वायर झाडाच्या फांदीला घासत असते, आणि जॉइंटच्या पेटीचं झाकण मागच्या दुरुस्तीनंतर नीट बसवलेलंच नसतं. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात रस्त्यांची खोदकामं चालू असतात, तिथे मुख्य फायबर कट झाली तर अख्ख्या सोसायटीचे दिवे एकदम लाल होतात. म्हणून तक्रार करण्याआधी शेजारी आणि वरच्या मजल्यावर त्याच कंपनीचं नेट चालू आहे का ते विचारा. सगळ्यांचं गेलं असेल तर तुमच्या घरात टेक्निशियन येऊन उपयोग नाही.

घराच्या आत तुम्ही इतकंच करा. वायर दारातून आत येते तिथपासून ओएनटीपर्यंत नजरेने तिचा माग काढा. टीव्ही युनिटच्या मागे चेपली आहे का, सोफ्याच्या पायाखाली आली आहे का, दाराच्या फटीत रोज दाबली जाते का, कोणी केबल टाय करकचून आवळला आहे का. शिल्लक वायर बशीएवढ्या गोल वेटोळ्यात ठेवा, त्याहून लहान नको. हिरवं टोक विनाकारण काढू नका. आतल्या काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक, त्यामुळे धुळीचा एक कणही वाट अडवतो. चुकून निघालं तर फुंकर मारू नका, शर्टाला पुसू नका. खाच जुळवून टिक आवाज येईपर्यंत परत बसवा, आणि तरी आकडा पडलेला दिसला तर टेक्निशियनच्या क्लीनरने साफ करून घ्या. सुट्या टोकात डोळा घालून बघायचं तर अजिबात नाही. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो लेझर असतो.

रंगही बघा. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, निळं सपाट. हिरव्यात निळं जोडलं तर ते वरवर बसतं, पण मध्ये फट राहते आणि काही डेसिबल तिथेच जातात. घाईत केलेल्या दुरुस्तीनंतर आकडा अचानक बिघडला तर आधी हेच तपासा.

काही जुन्या सोसायट्यांत केबलवाल्याची फायबर गच्चीपर्यंतच येते आणि पुढे स्विचमधून साधी लॅन वायर घरात उतरते. तुमच्याकडे ओएनटी नसून भिंतीतून थेट लॅन वायर येत असेल तर ही पद्धत समजा. तो स्विच लिफ्टच्या खोलीतल्या किंवा मीटर रूममधल्या वीजेवर चालतो. इमारतीची लाईट गेली की स्विच बंद, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी नेट जाणारच. सोसायटीच्या कमिटीशी बोलून त्या स्विचला बॅकअप मिळवणं हाच यावर उपाय.

वीज आणि अडॅप्टर

महावितरणची लाईट गेली आणि जनरेटर चालू व्हायला दहा सेकंद लागले, तरी ओएनटी आणि राऊटर नव्याने चालू होऊन जोडणी व्हायला दोन-चार मिनिटं जातात. चालू कॉल तुटतो. यावर राऊटरचा मिनी यूपीएस उत्तम चालतो. घेताना ओएनटी आणि राऊटर दोन्हींच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ चेही निघतात. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर दोन्ही उपकरणांच्या बेरजेइतके किंवा जास्त. एक उपकरण १ अँपिअर आणि दुसरं १.५ अँपिअर, तर २ अँपिअरचा यूपीएस पुरणार नाही.

राऊटर आपोआप बंद होऊन चालू होतो, तेही घरात माणसं वाढली की जास्त, तर अडॅप्टर थकला आहे. तीन-चार वर्षं चोवीस तास चाललेल्या अडॅप्टरचा व्होल्टेज भार पडला की खाली जातो. राऊटर बदलण्याआधी त्याच रेटिंगचा दुसरा अडॅप्टर लावून दोन दिवस बघा.

९४ चा आकडा

प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा, आणि वायरने जोडूनही स्पीड टेस्ट दरवेळी ९४-९५ वरच अडकते? तो आकडा दिसला की दोष लॅन वायरचा किंवा जुन्या पोर्टचा. गिगाबिटला वायरमधले आठही तार लागतात, १०० एमबीपीएस चारांवर चालतं. एक तार जरी तुटला किंवा पिन खाडीच्या दमट हवेने गंजली तर दोन्ही उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. ओएनटी आणि राऊटर यांच्यातली अर्ध्या मीटरची वायर बदलून बघा. पोर्टच १०० चं असलेले स्वस्त राऊटर अजूनही घरोघरी आहेत. खोक्यावर गिगाबिट लिहिलेलं नसेल तर ९४ हीच त्याची मर्यादा.

वाय-फाय आणि काँक्रीटच्या भिंती

बहुतेक तक्रारी इथल्याच असतात, आणि ठाणे-नवी मुंबईत त्याचं एक खास कारण आहे. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरांतल्या विटांच्या भिंतींतून वाय-फाय बऱ्यापैकी पलीकडे जातं. घोडबंदर रोड, खारघर, घणसोलीकडचे बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीने, ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेले आहेत. त्यांत आतल्या खोल्यांमधल्या भिंतीही सळयांच्या जाळीसकट काँक्रीटच्या. एका अशा भिंतीत ५ गिगाहर्ट्झचे १५-२० डेसिबल सहज जातात. दोन भिंती मध्ये आल्या की हॉलमधला उत्तम राऊटर मागच्या बेडरूममध्ये निरुपयोगी. तुमची भिंत कोणती हे ओळखायला बोटाने टकटक करा, किंवा खिळा ठोकायला साधी हातोडी पुरते की हॅमर ड्रिलच लागतं ते आठवा.

त्यात बिल्डर मुख्य दाराजवळ, चपलांच्या कपाटाच्या वर, एक पत्र्याची पेटी देतो. सगळ्या वायरी तिथेच येतात, म्हणून टेक्निशियन राऊटरही तिथेच कोंबतो आणि झाकण लावतो. पत्र्याच्या पेटीत वाय-फाय अडतं, आणि मे महिन्यात आतलं उपकरण इतकं तापतं की हात ठेववत नाही. ओएनटी तिथे राहू दे, झाकणाला हवा जायला जागा ठेवून. राऊटर लॅन वायरने बाहेर काढा आणि घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या जागी लावा. टीव्हीच्या मागे नको, फ्रिजवर नको, आरशाच्या वॉर्डरोबच्या किंवा फिशटँकच्या आड नको.

मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घ्या आणि प्रत्येक खोलीत उभं राहून सिग्नल वाचा. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत कॉल व्यवस्थित चालतो, उणे ७० नंतर तुटायला लागतो, उणे ८० म्हणजे नाव दिसतं पण काम होत नाही. पलंगावर, अभ्यासाच्या टेबलावर, बाल्कनीत, जिथे वापर होतो तिथला आकडा घ्या.

आकडा कमी आला की बाजारात पहिला हाती येतो तो प्लगमध्ये खोचायचा रिपीटर. तो घेऊ नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय जिथे सिग्नल मुळातच कमजोर तिथेच तो लावला जातो. मेश संचही (एकत्र काम करणारे दोन-तीन वाय-फाय डबे) वायरशिवाय जोडला तर त्याचे दोन डबे त्याच काँक्रीटमधून एकमेकांशी बोलणार.

खरा उपाय वायर आहे. बेडरूममध्ये टीव्हीचा पॉइंट असतो, आणि त्याची पाइप बहुतेक दाराजवळच्या त्याच पेटीत निघते. इलेक्ट्रिशियनला स्प्रिंग टाकून ती मोकळी आहे का बघायला सांगा. आत टीव्हीची जुनी केबल असेल आणि वापरात नसेल तर तिलाच कॅट ६ प्रकारची लॅन वायर बांधून ओढता येते. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर वळणावर तुटते. ज्या पाइपमध्ये २३० व्होल्टची वायरिंग आहे तिच्यात लॅन वायर कधीही टाकू नका. टोकं भरताना दोन्हीकडे एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

त्या बेडरूममध्ये घरात पडलेला जुना राऊटरही चालतो, फक्त तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वायरवरचं नेट नुसतं वाय-फायने पुढे देतो. तसा मोड नसेल तर तीन गोष्टी करा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा मुख्य राऊटरच्या मालिकेतला करा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घेण्याचं पोर्ट) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. हे न करता नुसता जोडला तर दोन राऊटर एकाच पत्त्यावर भांडतात, किंवा एकामागे एक लपून गेम, कॅमेरे आणि ऑफिसचं व्हीपीएन अडतं. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा.

चॅनेलचं थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळं. टॉवरमध्ये तीसेक शेजाऱ्यांची नावं दिसतात, त्यात ४० ची रुंदी ठेवली तर सगळ्यांशीच टक्कर होते. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गोंगाट करतो, म्हणून जेवणाच्या वेळी नेट अडखळत असेल तर तिकडे बघा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ धरा. ५२ ते १४४ ही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. रडारचा सिग्नल लागल्याचा राऊटरला नुसता भास झाला तरी तो चॅनेल सोडतो, आणि त्या पट्ट्यातल्या नव्या चॅनेलवर एक मिनिट किंवा जास्त गप्प राहून मगच सुरू होतो. दिवसातून दोन-तीनदा फक्त ५ गिगाहर्ट्झचं नेट मिनिटभर गायब होत असेल तर राऊटर ऑटोवर आहे. तो हाताने ३६ वर बांधा.

किरकोळ पण वेळखाऊ

व्हॉट्सॲप चालतं पण काही साइट उघडत नाहीत, तर राऊटरमध्ये डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकून बघा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन होणाऱ्या) जोडणीवर काही पानं अर्धवट अडकत असतील तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४९२ आहे ना ते तपासा. लॅपटॉपवरून थेट लॉगिन करताना ६९१ क्रमांकाची एरर आली तर युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा प्लॅन संपलाय. महिन्याच्या शेवटीच नेट मंदावत असेल तर डेटाची मर्यादा बघा.

तक्रार आणि टेक्निशियनची भेट

'नेट स्लो आहे' अशी तक्रार केली की उत्तर येतं, 'राऊटर रिस्टार्ट करा.' त्याऐवजी असं सांगा: वायरने जोडून, रात्री ९ ते ९.३०, राऊटरला शून्य टक्के लॉस, बाहेर ६ टक्के, आरएक्स पॉवर उणे २६.८, आठवड्यापूर्वी उणे २१.५ होती. सोबत दिव्यांचा फोटो. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या आणि तारखेसकट लिहून ठेवा. दाद लागली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. प्रत्येक कंपनीला ते नेमावंच लागतं. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मात्र कामाचा आहे.

टेक्निशियन आला की त्याला थेट राऊटरकडे नेऊ नका. आधी हिरवं टोक काढून मीटरवर आकडा दाखवायला सांगा, मग मजल्यावरच्या पेटीत. पेटीत उणे २० आणि घरात उणे २६ असेल तर मधल्या वीस फुटांतच दोष आहे, ती वायर किंवा तिचं टोक बदलायचं. पेटीतच उणे २६ असेल तर त्याला गच्चीवर जावं लागेल. पावसाचं कारण सांगून तो उद्यावर ढकलेल. पाऊस थांबल्यावर आकडा सुधारलेला दिसेल आणि तक्रार बंद होईल, म्हणून तो तिथे उभा असतानाच पावसातल्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर तो निघण्याआधी ओएनटीच्या पानावरचा नवा आकडा बघा, शिल्लक वायरचं वेटोळं नीट ठेवलंय का ते पाहा, आणि पेटीचं झाकण स्क्रूने घट्ट लावून घ्या.